फोटोची जुनी तारीख मराठीतही सापडू द्या

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

मंगळवेढ्यात माझं मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. डिस्प्ले बदलणं, चार्जिंगचा जॅक साफ करणं, मेमरी भरली की व्हॉट्सॲपमधले नको ते फोटो-व्हिडिओ काढून देणं ही माझी रोजची कामं. त्यामुळे कोणाच्या ग्रुपवर काय फिरतंय ते आपसूक कानावर येतं. बरेच जण स्वतःच फोन पुढे करतात, "हे बघा हो जरा, खरं असंल का?"

पंधरा दिवसांपूर्वी एक आजी आल्या. नातवाला त्यांनी तीन दिवस शाळेत पाठवलं नव्हतं. फोनमध्ये एक फोटो होता, त्यात लहान मुलांचे मृतदेह ओळीने ठेवलेले. खाली मराठीत मजकूर: मुलं पळवणारी टोळी आपल्या जिल्ह्यात शिरली आहे, किडन्या काढून घेतात, सगळ्या ग्रुपवर पाठवा. मेसेजवर दोन बाणांची खूण होती, म्हणजे तो पाच-सहा हातांतून तरी फिरून आलेला. फोटो टाकला की तो आधी इंटरनेटवर कुठे आला होता ते शोधून देणारं गूगल लेन्स असतं, मी त्यांच्याच फोनवर तो फोटो त्यात टाकला. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं. फोटो सीरियातला, ऑगस्ट २०१३ मध्ये दमास्कसजवळच्या घौटा भागात झालेल्या रासायनिक हल्ल्याचा. मी आजींना स्क्रीन दाखवली. त्यांनी चष्मा नीट केला, बघितलं आणि म्हणाल्या, "बाळा, हे समदं इंग्रजीत हाय. मराठीत लिवलंय ते मी वाचलंय की."

संपादक महोदय, हे पत्र मी त्या एका वाक्यासाठी लिहितो आहे.

हाच फोटो २०१८ सालीही याच अफवेला चिकटवून फिरवला गेला होता. त्याच वेळी कराचीचा एक व्हिडिओही देशभर फिरला. गल्लीत मुलं क्रिकेट खेळतायत, मोटारसायकलवरून दोघे येतात आणि एका मुलाला उचलून नेतात. मूळचा तो पालकांना सावध करण्यासाठी तिथल्या एका संस्थेने केलेला जाहिरातपट. शेवटी तेच दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि फलक धरून दाखवतात. कोणीतरी नेमका तो शेवट कापला. त्या वर्षी १ जुलैला, रविवारी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षेला गेले होते. मुलं पळवणारे समजून जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही गेले. त्यातले बहुतेक आमच्या मंगळवेढा तालुक्याचे. त्या समाजातला एक तरुण माझ्याकडे रिचार्जला येतो. परमुलखात जायच्या आधी तो आधारकार्डाच्या चार झेरॉक्स काढून वेगवेगळ्या खिशांत ठेवतो. तो समोर उभा असला की ही अफवा मला साधी फॉरवर्ड वाटत नाही.

राईनपाड्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवायची मर्यादा घातली. पुढे २०२० मध्ये, खूप फिरलेला मेसेज असेल तर एकाच ठिकाणी. वेग कमी झाला असेल, पण मजकूर आजही तोच आहे आणि आजींपर्यंत पोचतो आहे.

तपासायला फार शिकलेलं असावं लागत नाही. व्हिडिओ असला तर मी तो दोन-तीन जागी थांबवून स्क्रीनशॉट काढतो. दुकानाची पाटी, गाडीची नंबरप्लेट, पोलिसांचा गणवेश दिसेल अशा जागी थांबायचं. मग एकेक स्क्रीनशॉट लेन्समध्ये टाकायचा आणि सगळ्यात जुनी तारीख शोधायची. आजची म्हणून आलेली घटना पाच वर्षांपूर्वी कुठे छापलेली सापडली की विषय संपला. जास्त खोलात जायचं असेल तर संगणकावर इन्व्हिड नावाचं साधन आहे, ते व्हिडिओतली महत्त्वाची चित्रं आपणच वेगळी काढून देतं. फोटो कधी, कुठे काढला ही फाइलमधली माहिती मात्र व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत बहुधा उरलेली नसते, तिथे डोकं खाजवण्यात अर्थ नाही.

आणि काहीच सापडलं नाही, तर ते खरं ठरत नाही. हे मी गिऱ्हाइकांना दहा वेळा सांगतो. एआयने बनवलेल्या चित्राला जुनी तारीख असणारच कशी? त्यातल्या पाट्यांवरची देवनागरी अक्षरं अजून बऱ्याचदा वेडीवाकडी येतात, त्यावरून काही चित्रं पकडता येतात. पण ही खूण फार दिवस टिकेल असं मला वाटत नाही.

आता तुमच्याकडून काय हवं ते. पीआयबीचं, म्हणजे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाचं, फॅक्ट चेक आहे, पण ते केंद्र सरकारच्या संबंधातल्या गोष्टी तपासतं. आमच्या तालुक्यात फिरणाऱ्या टोळीच्या अफवेचं उत्तर तिथे मिळत नाही. तालुक्याला तुमचा वार्ताहर आहे. पोलीस ठाण्यात फोन करून "असा एकही गुन्हा दाखल नाही" एवढं तो त्याच दिवशी विचारू शकतो. ते छापा, आणि नुसतं ई-पेपरच्या पानावर ठेवू नका. ते पान म्हणजे एक चित्र असतं, कोणी शब्द टाकून शोधलं तर ते सहसा सापडत नाही. वेबसाइटवर साध्या मजकुरात, मराठीत, मूळ फोटो आणि त्याची खरी तारीख-जागा देऊन ठेवा. पुढच्या वेळी मी लेन्स लावीन तेव्हा आजींना वाचता येईल असं काहीतरी वर येईल.

तुमच्या पानांवरही कधी कधी फोटोखाली नुसतं "समाजमाध्यमांवरून साभार" असतं. कोणी काढला, कुठे, कधी, काहीच नाही. असा फोटो कृपया छापू नका. तुमच्या पानावर आला की तो आमच्याकडे पुरावा म्हणून फिरतो.

आजींचा नातू दुसऱ्या दिवशी शाळेत गेला. मी अर्धा तास बसून त्यांना ते इंग्रजी मराठीत वाचून दाखवलं, तेव्हा गेला. गिऱ्हाईक उभं असताना प्रत्येकासाठी हे जमत नाही.

पत्रासोबत एका कात्रणाचा स्क्रीनशॉट जोडला आहे. वर तुमच्या दैनिकाचं नाव आहे, अक्षरंही तुमच्यासारखीच आहेत, आणि याच टोळीची बातमी आहे. त्यावरच्या तारखेचा तुमचा सोलापूरचा अंक मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिला, त्यात ही बातमी नाही. बाकीच्या आवृत्त्या मला बघता येत नाहीत. हे कात्रण तुमचं आहे की नाही, एवढं उद्याच्या अंकात ठळक छापावं ही विनंती. आमच्याकडच्या चार ग्रुपवर ते आज सकाळपासून फिरतं आहे.

आपला नियमित वाचक,
एक मोबाईल दुकानदार,
मंगळवेढा, जि. सोलापूर