सुईनं न सापडलेली गाठ

प्रिय अवि,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. मागच्या भेटीत तू म्हणालास ना, "सुई घालून तपासलं, काही निघालं नाही, तरी तुम्ही लोक अख्खी गाठ कापायला लावता!" तेव्हा मी नुसता हसलो होतो. आता ऐक.

महिन्याभरापूर्वी एका तिशीतल्या बाईंच्या मानेतली गाठ आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये तपासायला आली. ताप नाही, वजन घटलेलं नाही, दुखतही नव्हती; फक्त सहा महिने तिथंच बसून होती. सुई-तपासणीचा रिपोर्ट होता 'रिअ‍ॅक्टिव्ह', म्हणजे कशाला तरी प्रतिसाद म्हणून वाढलेली ग्रंथी. रिपोर्ट चुकीचा नव्हता रे. सुईतून पेशी येतात त्या सुट्या, आणि पुढे जो आजार निघाला त्यात एकेकटी पेशी बघितली तर ती निरोगीच दिसते. बिघडलेली असते ती त्यांची मांडणी.

सर्जननं गाठ अख्खी काढली हे उत्तम, पण न चिरता तशीच फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे पेशी टिकवणाऱ्या द्रावात, टाकून पाठवली. असं केलं की मधला भाग नीट टिकत नाही. याबाबत मी दरवेळी कटकट करतो. नशिबानं लवकर पोचली.

दुसऱ्या दिवशी स्लाइड लावली. लहान भिंगाखालीच जाणवलं, काहीतरी वेगळं आहे. फॉलिकलची, म्हणजे ग्रंथीतल्या पेशींच्या गोल पुंजक्यांची, मधली केंद्रं आक्रसलेली, भोवती लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींची कडी कांद्याच्या पापुद्र्यांसारखी, आणि बाहेरून एक जाड भिंतीची रक्तवाहिनी सरळ केंद्रात घुसलेली. काडीवरचं गोल लॉलीपॉप, हुबेहूब! एका ठिकाणी तर एकाच वेढ्यात दोन केंद्रं. मी चहा तसाच ठेवला.

कॅसलमन डिसीज, लिम्फ ग्रंथी वाढवणारा एक दुर्मिळ आजार. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचे पॅथॉलॉजिस्ट बेंजामिन कॅसलमन यांनी 1956 मध्ये सहकाऱ्यांसह असे 13 रुग्ण मांडले. त्या गाठी छातीत होत्या आणि थायमोमासारख्या, म्हणजे छातीतल्या थायमस ग्रंथीच्या ट्यूमरसारख्या, भासत होत्या. म्हणजे फसगतीची परंपरा जुनीच आहे.

पण नुसत्या दिसण्यावर सही करायची नसते. लिम्फोमा, म्हणजे लिम्फ ग्रंथीचा कर्करोग, नाही ना, हे इम्युनोस्टेन (ठरावीक प्रथिनं रंगवून दाखवणारी तपासणी) करून पाहिलं. त्यातल्या सीडी21 या स्टेननं केंद्रातल्या आधार-पेशींचं जाळं दाखवलं. या आजाराच्या एका प्रकारामागे असणाऱ्या एचएचव्ही-8 विषाणूचा स्टेन निगेटिव्ह आला. खरी मेख पुढेच. गाठ एकाच जागी आहे की अंगभर, हे स्लाइडची काच सांगत नाही, आणि उपचार तर त्यावरच ठरतात. अंगभर असेल तर सगळीच गोष्ट बदलते. इंटरल्यूकिन-6 हे दाह वाढवणारं प्रथिन रोखणारी औषधं लागतात. संधिवात, ल्युपस यांतल्या गाठीही कधी कधी अशाच दिसतात. म्हणून फोन उचलला आणि स्कॅन, हिमोग्लोबिन, सीआरपी (दाह दाखवणारी रक्ततपासणी) सगळं विचारून घेतलं. स्कॅनमध्ये दुसरीकडे कुठे गाठ नव्हती, रक्त साफ.

सर्जननं विचारलं, "मग आता ट्रीटमेंट काय द्यायची?"

म्हटलं, "गाठ पूर्ण निघालीय ना? मग दिलीत की, मंगळवारीच. आता फक्त अधूनमधून तपासायला बोलवा."

तुझा,
विनू