घरून काम, पण किती वाजेपर्यंत?

महोदय,

बंगळुरू-पुण्याच्या कंपन्यांचे काम आता फोंडा, डिचोलीतल्या घरांतून चालते. मुले गावात राहतात, याचा आनंद आहेच. पण माझी सून रात्री जेवता जेवता ताटावरून उठते, कारण वरिष्ठांचा ‘फक्त पाच मिनिटे’ असा निरोप आलेला असतो. चतुर्थीला आरती चालू असतानाही तिचा फोन थांबला नाही. कार्यालयात जाणाऱ्याला निदान शेवटची बस गाठायची असते. घरी बसलेल्याला उठायला निमित्तच उरत नाही. हे मला अन्यायाचे वाटते.

पोर्तुगालने २०२१ मध्ये कायदाच केला: अगदी निकडीचा प्रसंग सोडता, विश्रांतीच्या वेळेत मालकाने कर्मचाऱ्याशी संपर्क साधायचा नाही. फ्रान्समध्ये त्याआधीच, २०१७ पासून, कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याच्या हक्काची तरतूद आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत असे खासगी विधेयक मांडले होते, त्याचा कायदा झाला नाही.

गोव्याचा दुकाने व आस्थापना कायदा १९७३ चा. घर हेच कार्यालय होईल, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. राज्य सरकारने त्यात घरून काम करणाऱ्यांच्या वेळेची स्पष्ट तरतूद करावी. तोवर तरुणांनी नेमणूकपत्रातच कामाचे तास लिहून घ्यावेत आणि वेळ संपल्यावर कार्यालयाचा व्हॉट्सअ‍ॅप गट बिनदिक्कत मूक करावा. अमेरिकेतल्या ग्राहकासाठी रात्री बसावे लागलेच, तर दुसऱ्या दिवशी सकाळची सवलत मागून घ्यावी.

— एक वाचक, फोंडा