रडक्या पेशी

प्रिय वैदे,

चार महिने पत्र नाही, फोन नाही. मनातल्या मनात शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक. हूडसमोर बसून पाठ धरते, तेवढंच.

तू बरोबर होतीस. हे वाक्य लिहायला तीन दिवस लागले, त्यामुळे पुन्हा लिहिणार नाही. दुसऱ्या सेमिस्टरला "या पेशी रडक्या दिसतायत" म्हणून तू माझे दोन फ्लास्क ब्लीचमध्ये बुडवलेस आणि मी आठ दिवस तुझ्याशी बोलले नाही. (न विचारता बुडवलेस, ते मात्र चूकच. त्यावर मी अजून ठाम आहे.)

मंगळवारी माझ्या व्हेरो पेशी होएख्स्टने, डीएनए रंगवणाऱ्या रंगाने, रंगवून पाहिल्या. नुसती केंद्रकं निळी चमकायला हवी होती. इथे प्रत्येक केंद्रकाभोवती बारीक ठिपक्यांचा सडा. पीसीआर लावला, पॉझिटिव्ह. दुसऱ्यांदा लावला, तरी पॉझिटिव्ह. मायकोप्लाझ्मा, ते बिनभिंतीचे चिमुकले जीवाणू. पेशींचं मीडियम एकदाही गढूळ झालं नव्हतं गं! आणि पेनिसिलिनचा त्यांच्यावर ढिम्म परिणाम नाही. पेशीभित्तिकाच नाही, तर पाडणार काय? व्हायव्हाला आपण दोघींनी पोपटासारखं सांगितलं होतं, की हीला (HeLa) या मानवी पेशींत ही भानगड १९५६ सालीच सापडली होती. पाठ होतं सगळं. तपासलं मात्र नाही.

आता खरं दुखणं. नुसते फ्लास्क गेले असते तर रडून मोकळी झाले असते. पण माझा विषाणू हर्पिस सिम्प्लेक्स, आणि त्याला वाढायला आर्जिनिन हे अमिनो आम्ल लागतं. मायकोप्लाझ्माच्या काही जाती नेमकं तेच फस्त करतात. विषाणूला थांबवेल म्हणून तपासत होते, माझं ते लाडकं संयुग आठवतं ना? पेशी कमी पडल्या म्हणून कंट्रोलच्या, म्हणजे बिनसंयुगाच्या, प्लेटा मी नव्या व्हायलमधून लावल्या आणि संयुगाच्या प्लेटा जुन्या फ्लास्कमधून. कंट्रोलला ६२ प्लाक, म्हणजे विषाणूने पेशी मारून पाडलेली भोकं, संयुगाला १९. क्रिस्टल व्हायोलेट धुतल्यावर प्लेट उजेडाकडे धरून, जांभळ्या थरातल्या एकेका पांढऱ्या भोकाखाली पेनाने टिंब देत मोजले होते. १९ वर थांबले तेव्हा हात थरथरत होता. तुला फोन करणार होते, पण रात्रीचे दोन वाजले होते. बरं झालं नाही केला.

म्हणजे विषाणू संयुगाने थांबला की उपाशी राहून थांबला? मला वाटतं, उपाशी राहून. सरांनी तो आलेख स्लाइडवर घातलाय, रंगही त्यांनीच निवडलेत.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याच जुन्या पेशींची एक व्हायल मी ज्युनिअरला दिली. तिची सिनॉप्सिस त्यावर उभी आहे. काल मला म्हणाली, "ताई, तुमच्या पेशी किती शहाण्या आहेत, काही त्रासच देत नाहीत." मी हसले. व्हेरो पेशी इंटरफेरॉन, म्हणजे शेजारच्या पेशींना सावध करणारं प्रथिन, बनवतच नाहीत, वैदे. विषाणू आला तर शेजारणीला हाक मारायचीही सोय नाही बिचाऱ्यांना. शहाण्या कसल्या, मुक्या आहेत. आणि मी? सहा महिन्यांपूर्वी डोक्यात आलं होतं की एकदा तपासावं. आकडे छान येत होते, म्हणून नाही तपासलं. हे सरांना सांगता येईल, तिला कसं सांगू?

तू असतीस तर म्हणाली असतीस, "आधी फ्लास्क टाक, मग रड." टाकले. इन्क्युबेटर पुसला, मीडियमच्या उघडलेल्या बाटल्याही फेकल्या. राहिल्या द्रव नायट्रोजनमधल्या व्हायल. उणे १९६ अंशांतसुद्धा हे मायकोप्लाझ्मा मरत नाहीत, तसेच झोपून राहतात, आपल्या जुन्या रूममेटसारखे.

तुझं काय? रोगनिदान प्रयोगशाळेतली ती रात्रपाळी संपली का? तिथे चूक झाली तर रुग्णाचा रिपोर्ट चुकतो, इथे माझा नुसता आलेख, असं तू म्हणायचीस. त्या भांडणाचा निकाल नंतर लावू. लग्नाचं विचारत नाही. आईंना नमस्कार.

एक काम कर, आजच. तुझी ती हिरवी वही काढ. बुडवलेल्या फ्लास्कवर पॅसेज नंबर (पेशी कितव्यांदा नव्या फ्लास्कमध्ये हलवल्या तो आकडा) काय होता, लिहून ठेवलायस का? तुझी सवय माहीत आहे म्हणून विचारते. तेव्हाच घाण असेल, तर त्यानंतर गोठवलेलं सगळं गेलं आणि माझं पहिलं वर्षही. नंतरची असेल, तर थोडं वाचेल. सोमवारी सरांकडे जातेय, ज्युनिअरला सोबत घेऊन. त्याआधी नंबर कळव.

तुझी,
मेघा