ॲनिमे मालिका आणि शेवटाचे भान

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, मालिकांची ओळख करून देणारा लेख वाचून मनापासून आनंद झाला. हा विषय बहुधा मुलांच्या पानावर एखाद्या कोपऱ्यात सापडतो. आपण त्याला मोठ्यांच्या पानावर जागा दिलीत. तरीही एका गोष्टीबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. त्या लेखात प्रत्येक मालिकेचे मोल तिच्या भागांच्या संख्येवर आणि लोकप्रियतेवर ठरवले होते. शेकडो भाग झाले म्हणजे मालिका थोर, असा एकूण सूर होता. माझे मत नेमके याच्या उलट आहे. लांबलचक कथा सांगणाऱ्याला ती कोठे संपवायची हे ठाऊक आहे की नाही, यावरच तिचा कस लागतो, असे मला वाटते.

माझी लेक पुण्यात जपानी भाषा शिकत होती. 2020 च्या टाळेबंदीत ती सांगलीला घरी आली, तेव्हा कानाला सराव राहावा म्हणून ती रोज रात्री जपानी मालिका लावत असे आणि मी सबटायटल वाचत शेजारी बसत असे. तेव्हापासून मी या मालिका पाहते, मिळतील तशा मांगाही, म्हणजे जपानी चित्रकथा, इंग्रजी भाषांतरातून वाचते. पुढे लिहिले आहे ती एका सामान्य प्रेक्षकाची मते आहेत. काही ठिकाणी कथेचा उलगडा करावा लागला आहे, त्याबद्दल ज्यांनी या मालिका पाहिलेल्या नाहीत त्यांची आधीच क्षमा मागते.

सर्वात आधी 'फुलमेटल अल्केमिस्ट'. हिरोमू आराकावा या लेखिकेची ही मांगा 2001 ते 2010 या काळात एका मासिकातून क्रमशः आली आणि 27 खंडांत पूर्ण झाली. मेलेल्या आईला किमयेने परत आणू पाहणारे दोन भाऊ, त्या अपराधाची किंमत म्हणून थोरल्याने गमावलेला एक हात नि एक पाय आणि धाकट्याचे संपूर्ण शरीरच नाहीसे होऊन पोकळ चिलखतात अडकलेला त्याचा आत्मा, अशी ही कथा. काही मिळवायचे तर तितक्याच मोलाचे काही द्यावे लागते, हा तिच्या जगाचा नियम आहे. या एकाच कथेच्या दोन ॲनिमे मालिका आहेत. पहिली 2003 साली सुरू झाली तेव्हा मांगा अर्ध्यातही आली नव्हती, म्हणून त्या 51 भागांच्या मालिकेला आपला शेवट आपणच रचावा लागला. दुसरी 2009 साली आली आणि 64 भागांत मूळ कथेबरोबरच पूर्ण झाली. दोन्ही मालिका पाठोपाठ पाहिल्यावर मला जो फरक जाणवला, तो मी इतरांनाही आवर्जून सांगते. युद्धात शत्रुपक्षाच्या जखमींवर उपचार करणारे एक डॉक्टर दांपत्य मारले जाते आणि त्यांची मुलगी विन्री पोरकी होते. पहिल्या मालिकेत त्या दोघांना वरिष्ठांच्या आज्ञेवरून कर्नल मस्टँग गोळ्या घालतो. प्रसंग अंगावर येतो, पण त्यातून पुढे फारसे काही निघत नाही. मूळ कथेत मात्र त्यांचा जीव घेतो तो त्यांनीच वाचवलेला, आपले सारे कुटुंब डोळ्यांसमोर मारले गेलेले पाहून भान हरपलेला एक जखमी माणूस, आणि कितीतरी खंडांनंतर त्याच माणसाच्या रक्ताळलेल्या जखमेवर विन्री स्वतःच्या हाताने पट्टी बांधते. मी तुला क्षमा केलेली नाही, हे ती त्याला स्पष्ट सांगते आणि तरीही पट्टी बांधते. हा प्रसंग मी तीनदा पाहिला. कथा कोठे जाणार आहे हे आराकावांना पक्के ठाऊक नसते, तर इतक्या दूरवर पेरलेले असे उगवले नसते. शेवटी थोरला भाऊ धाकट्याला परत मिळवण्यासाठी जे देऊन टाकतो, ते पहिल्या प्रकरणापासून त्याच्याजवळच होते, आणि ते आपल्याला दिसत असूनही सुचत नाही. पहिली मालिका वाईट आहे असे मी म्हणणार नाही. तिच्यातील उदासपणा काही ठिकाणी दुसरीहून सरस आहे. पण तिचा शेवट नायकाला थेट आपल्या जगात आणून सोडतो, आणि तेथे कथेचा धागा तुटतो.

हे असे का होते, ते त्या धंद्याची रीत पाहिली की कळते. लोकप्रिय मांगा बहुधा साप्ताहिकातून येतात. दर आठवड्याला वीसएक पाने काढायची, आणि वाचकांनी पोस्टकार्डावर नोंदवलेल्या पसंतीवरून कोणती कथा चालू ठेवायची नि कोणती गुंडाळायची हे ठरायचे. त्यात ॲनिमे दर आठवड्याला दाखवू लागले की ते मूळ कथेला गाठते, आणि मग मध्ये भर घालावी लागते. 'नारुतो'ची पहिली मालिका 220 भागांची आहे. तिचे शेवटचे सत्तरहून अधिक भाग अशा भरीतच गेले. नायक नारुतो आणि त्याचा मित्र सासुके यांच्या धबधब्याजवळच्या लढाईनंतर जीव कासावीस झालेला असताना भलत्याच मोहिमांच्या गोष्टी पाहाव्या लागतात. आपल्याकडच्या रोजच्या मालिका पाहणाऱ्यांना हे दुखणे वेगळे समजावून सांगायला नको. 'नारुतो'वर माझे प्रेम आहे. गावाने वाळीत टाकलेल्या पोराची ती गोष्ट पहिल्या शंभर-सव्वाशे भागांत फार मनापासून सांगितलेली आहे, म्हणूनच पुढच्या भरीचा राग येतो.

'डेथ नोट'बद्दल थोडक्यात लिहिते. ती 37 भागांची आहे, म्हणजे लांबी हा तिचा दोष नव्हे. खून करणारा विद्यार्थी लाइट आणि त्याचा माग काढणारा गुप्तहेर एल यांचा बुद्धीचा सामना पंचविसाव्या भागात संपतो आणि कथा तेथेच संपायला हवी होती; नंतर आणलेले दोन वारसदार त्या एकट्या एलची जागा भरून काढू शकत नाहीत.

याउलट 'मॉन्स्टर' पाहावी. नाओकी उरासावा यांची ही मांगा 1994 ते 2001 या काळात 18 खंडांत आली आणि तिच्यावरचे 74 भागांचे ॲनिमे मूळ कथेला जवळजवळ पानोपान धरून आहे. जर्मनीतील ड्यूसेलडॉर्फच्या रुग्णालयात तेन्मा हा जपानी मेंदूशल्यविशारद एका गायकाच्या शस्त्रक्रियेसाठी आधी आलेल्या तुर्की मजुराला सोडून जातो, मजूर दगावतो आणि त्याची बायको तेन्माला जाब विचारते. पुन्हा तशीच वेळ आल्यावर तो महापौरांना बाजूला ठेवून आधी आलेल्या लहान मुलाचा जीव वाचवतो, आणि तोच मुलगा पुढे थंड रक्ताचा खुनी निघतो. सगळ्यांचे जीव सारख्याच मोलाचे असतील तर याही जिवाचे मोल तेवढेच का, हा एकच प्रश्न 74 भाग पुरतो. वाटेत किती माणसे भेटतात! हवेत बोटे चालवून प्रत्येक तपशील स्मरणात टंकून ठेवणारा इन्स्पेक्टर लुंगे, पूर्व जर्मनीतील अनाथालयात लहानपणीच भावना पुसल्या गेलेला ग्रिमर. ग्रिमरला रडू येते तो प्रसंग मला कोणत्याही लढाईहून मोठा वाटतो. मालिकेचे शेवटचे चित्र एका रिकाम्या खाटेचे आहे. काही प्रेक्षकांना हा शेवट अपुरा वाटतो. मला तो पुरेसा वाटतो, कारण त्या प्रश्नाचे उत्तर लेखकाने देणे अप्रामाणिक ठरले असते.

थांबणे म्हणजे काय हे मला ताकेहिको इनोउए यांच्या 'स्लॅम डंक'ने शिकवले. बास्केटबॉलची ही मांगा 1990 ते 1996 या काळात 31 खंडांत आली. सान्नोह या बलाढ्य संघाविरुद्धच्या सामन्याचे शेवटचे क्षण जवळजवळ एकही शब्द न वापरता रेखाटलेले आहेत. तो सामना जिंकणारा संघ पुढच्याच सामन्यात दारुण हरला, हे लेखक एक-दोन ओळींत सांगून टाकतो आणि काही पानांत कथा संपते. लोकप्रियतेच्या ऐन शिखरावर त्यांनी हे केले. भैरवी केव्हा घ्यायची हे ज्या गायकाला कळते, त्याच्या मैफलीतून उठताना जसे वाटते तसे मला तेव्हा वाटले. जुने ॲनिमे त्या सामन्यापर्यंत पोहोचलेच नव्हते. 2022 साली इनोउए यांनी स्वतः दिग्दर्शित केलेल्या चित्रपटात तो प्रथम पडद्यावर आला. 'डीमन स्लेयर'ची कथा मला साधारण वाटते, पण तिच्या लेखणीला मी मानते: मे 2020 मध्ये, चित्रपटगृहांत तिच्यासाठी गर्दी उसळण्याच्या आधीच, ती 23 खंडांत संपवण्यात आली.

'अटॅक ऑन टायटन'च्या शेवटावर अजून वाद चालतात. मांगाच्या अखेरच्या प्रकरणात आर्मिन हा तरुण आपला मित्र, कथेचा नायक एरेन, याने केलेल्या संहाराबद्दल त्याचे आभार मानतो, ते वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते. 2023 साली आलेल्या ॲनिमेच्या अंतिम भागात हा संवाद बदललेला आहे: तेथे आर्मिन त्या पापात स्वतःलाही वाटेकरी मानतो. एवढ्या एका बदलाने माझे त्या मालिकेबद्दलचे मत पालटले. 'वन पीस' 1997 पासून चालू आहे. ती संपल्याशिवाय तिच्याबद्दल बोलायचे नाही असे मी ठरवले आहे.

आता 'बर्सर्क'. केंतारो मिउरा यांनी 1989 साली सुरू केलेली ही मांगा अपुरी ठेवून मे 2021 मध्ये वयाच्या 54 व्या वर्षी ते गेले. मात्र कथेचा शेवट त्यांनी फार वर्षांपूर्वी आपले मित्र आणि मांगाकार कोउजी मोरी यांना सांगून ठेवला होता. त्या आठवणीच्या आधारे, मोरी यांच्या देखरेखीखाली, मिउरांचे साहाय्यक जून 2022 पासून ती पुढे नेत आहेत. नव्या प्रकरणांत मिउरांच्या रेषेची दाटी नाही हे मला दिसते, पण मी ती वाचते, कारण मित्राने ऐकलेला तो शेवट मलाही ऐकायचा आहे.

म्हणून आपल्याला विनंती आहे की, यापुढे पुरवणीत एखाद्या मालिकेची ओळख करून देताना तिची मूळ मांगा पूर्ण झाली आहे काय, ॲनिमे त्या कथेच्या शेवटापर्यंत पोहोचते काय, एकाहून अधिक आवृत्त्या असतील तर कोणती पाहावी आणि भरीचे भाग कोठून कोठपर्यंत आहेत, एवढे अवश्य छापावे. त्यासाठी चार ओळी पुरतील.

आपली नम्र,
एक नियमित वाचक, सांगली