यात्रांचे वेळापत्रक तिथीनेच लावा

राज्यभरातील जत्रा-उत्सवांचे वर्षभराचे वेळापत्रक आखताना मागच्या वर्षीच्या तारखा पुढे ढकलून भागत नाही. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे. त्यामुळे २०२५ मध्ये ६ जुलैला आलेली आषाढी २५ जुलैला आणि २७ ऑगस्टची गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला जाते. एसटीच्या जादा गाड्या, पोलीस बंदोबस्त, पाण्याचे टँकर सगळेच हलते.

मार्गशीर्षात तर दाटीच असते. दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार, मग वद्य पक्षात पुसेगावचा सेवागिरी महाराजांचा रथ आणि नांदेडकडे माळेगावचा खंडोबा. तिन्ही जिल्हे वेगळे, पण पशुवैद्यक, फिरते दवाखाने नि जादा बस सगळीकडे एकाच पंधरवड्यात लागतात. जिल्ह्याजिल्ह्याने स्वतंत्र नियोजन करून ते पुरणार कसे?

कोकणातल्या आंगणेवाडीच्या जत्रेची गोष्टच निराळी. तिथली तारीख देवीच्या कौलाने ठरते, पंचांग बघून नाही. तो रकाना सुरुवातीला कोराच ठेवावा लागेल (आणि ठेवावा, कौलाची घाई कुणी करू नये). मात्र तारीख जाहीर होताच कोकण रेल्वेच्या विशेष गाड्यांचे आरक्षण त्याच दिवशी खुले व्हावे. आम्हा चाकरमान्यांना रजा टाकायची असते.

– एक चाकरमानी वाचक, डोंबिवली