मुलांच्या खेळण्याच्या जागेला कुंपण हवे : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : सार्वजनिक उद्यानांतील मुलांच्या खेळण्याच्या जागेत कुत्र्यांना प्रवेश नसावा, यासाठी राज्यभर लागू होणारा नियम करण्याबाबत

महोदय,

सादर नमस्कार.

माझ्या घरी गेली नऊ वर्षे एक देशी कुत्री आहे. हे आरंभीच सांगते, कारण या विषयावर कोणी बोलू लागले की हा माणूस कुत्र्यांच्या बाजूचा की विरोधातला, याचीच चर्चा होते आणि मूळ मुद्दा मागे पडतो. माझे म्हणणे एवढेच आहे की उद्यानात कुत्र्याला पट्ट्याने फिरवायला मुभा असावी, पण जिथे झोके, घसरगुंडी आणि वाळूचा हौद आहे तेवढ्या भागात कोणताही कुत्रा, पाळीव असो वा भटका, पट्ट्याला असो वा मोकळा, येऊ नये. आणि ही मनाई पाटीवर न राहता कुंपणाने व फाटकाने पाळली जावी.

आमच्या घराजवळच्या उद्यानात एका संध्याकाळी शेजारची साडेतीन वर्षांची मुलगी घसरगुंडीच्या पायथ्याशी बिस्कीट खात उभी होती. एक गृहस्थ आपला लॅब्राडॉर घेऊन तिथे आले. कुत्रा पट्ट्याला होता, निगा राखलेला होता, त्याच्या लशीही वेळेवर झालेल्या होत्या. मुलगी मागे सरकली तेव्हा ते प्रेमाने म्हणाले, "घाबरू नकोस बाळा, काही करत नाही तो." हेच वाक्य मीही माझ्या कुत्रीबद्दल कितीतरी वेळा मनापासून म्हटलेले आहे. मुलीने घाबरून बिस्किटाचा हात वर केला, कुत्र्याने त्या हाताकडे झेप घेतली आणि त्याचा सुळा तिच्या वरच्या ओठात लागला. त्याला हवे होते ते बिस्कीट. जखम चेहऱ्यावरची आणि रक्त आलेली, म्हणून डॉक्टरांनी जोखीम न पत्करता रेबीजविरोधी इम्युनोग्लोबुलिनचे, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे, इंजेक्शन थेट त्या ओठातच दिले. आईने तिचे डोके छातीशी घट्ट धरून ठेवले होते. त्यानंतर लशीचे पुढचे डोस झाले. ती पोर अजूनही घसरगुंडीच्या पायऱ्या चढण्याआधी वाकून खाली कोणी बसले आहे का ते पाहते.

या प्रसंगात वाईट कोणीच नव्हते, आणि म्हणूनच तो मला महत्त्वाचा वाटतो. लहान मुलाचा चेहरा आणि मोठ्या कुत्र्याचे तोंड साधारण एका उंचीवर येते. खेळताना मुले पळतात, किंचाळतात, हातवारे करतात, पडतात. यातली प्रत्येक गोष्ट कुत्र्याला एक तर खेळाचे आमंत्रण वाटते किंवा धोका वाटतो. कुत्रा अंग ताठ करतो, नजर चुकवतो, उगाच ओठ चाटतो, तेव्हा तो अस्वस्थ आहे हे पाळणाऱ्याला कळते, तीन-चार वर्षांच्या मुलाला कळत नाही. पट्टा असला की पुरे, असे म्हणणाऱ्यांनी पट्ट्याची लांबी आणि घसरगुंडीभोवतीची गर्दी एकदा डोळ्यांसमोर आणावी. आणि रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की तो आजार जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो, त्यामुळे अनोळखी कुत्र्याचा साधा ओरखडाही कुठल्याही आईबापाला दुर्लक्षून चालत नाही.

दुसरा धोका दिसत नाही, म्हणून त्याविषयी कोणी बोलतही नाही. कुत्र्यांच्या, विशेषतः पिल्लांच्या, विष्ठेतून टोक्सोकारा नावाच्या गोलकृमीची अंडी मातीत जातात. ताजी असताना ती बाधक नसतात. मातीत दोन ते चार आठवडे राहिली की होतात, आणि नंतर महिनोन् महिने टिकतात. तोवर विष्ठा पावसाने विरघळून गेलेली असते आणि वाळू अगदी स्वच्छ दिसते. त्या वाळूत किल्ले करणारे मूल बोटे तोंडात घालते, आणि पोटात गेलेल्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या यकृत, फुप्फुस, क्वचित डोळ्यापर्यंत पोचू शकतात. विष्ठेतूनच पसरणाऱ्या अंकुशकृमी या दुसऱ्या जंताच्या अळ्या तर अनवाणी पायाच्या कातडीतूनच आत शिरतात. कुत्र्याला वेळेवर जंताचे औषध देणे आणि त्याची घाण तिथल्या तिथे उचलणे हे आम्हा पाळणाऱ्यांचे कर्तव्यच आहे, पण भटक्या कुत्र्याची घाण उचलणार कोण? (मांजरीही वाळूत घाण करतात, त्यासाठी हौदावर रात्री झाकण घालावे लागेल.)

कायद्याने हा विचार अर्धवट केलेला आहे. केंद्राच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतील नियम २० प्रमाणे भटक्या कुत्र्यांना खाऊ घालण्याची जागा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर असली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी ज्या ठिकाणांहून भटकी कुत्री हलवण्याचे आदेश दिले, त्यांत शैक्षणिक संस्था, रुग्णालये, क्रीडासंकुले, बस स्थानके आणि रेल्वे स्थानके आहेत. बागेतले झोके-घसरगुंड्या त्या यादीत नाहीत. मुलांच्या जागी कुत्र्यांचा वावर नको हे तत्त्व मान्य झालेले असताना, मुले जिथे रोज संध्याकाळी जमतात तीच जागा सुटली आहे.

कुत्र्यांना अख्ख्या उद्यानातच बंदी घालावी, या मागणीला माझा विरोध आहे. दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या कुत्र्याला धावायला मिळाले नाही तर तो चिडका होतो, आणि त्याचा त्रास शेवटी माणसांनाच होतो. हैदराबादच्या महापालिकेने २०१८ मध्ये कोंडापूरला फक्त कुत्र्यांसाठी उद्यान उभारले. आपल्या मोठ्या शहरांतही अशा जागा हव्यात. न्यूयॉर्कमध्ये ठरलेल्या उद्यानांत सकाळी नऊपर्यंत आणि रात्री नऊनंतर कुत्री मोकळी सोडता येतात, पण मुलांच्या खेळण्याच्या आवारात त्यांना मज्जाव आहे. दोन्ही गोष्टी एकाच शहरात सुखाने नांदतात.

आमच्या उद्यानात "कुत्र्यांना सक्त मनाई" अशी पाटी आहे. तिची अंमलबजावणी कंत्राटी सुरक्षारक्षकाने करायची, आणि त्याने कोणाला हटकले की "तू मला शिकवणार का?" असे ऐकून घ्यायचे, हे मी अनेकदा पाहिले आहे. कुंपणाला कोणाशी वाद घालावा लागत नाही. मात्र ते जमिनीला टेकलेले हवे, कारण खाली वीतभर फट राहिली की भटकी कुत्री तिथूनच आत येतात. आणि फाटक स्प्रिंगचे, आपोआप बंद होणारे, कडी लहान मुलाचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर असलेले हवे.

हे आपल्या खात्याच्या अखत्यारीतले काम आहे. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार ४,००० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावर १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. त्या जागेत मुलांची खेळणी बसवायची असतील तर वरीलप्रमाणे कुंपण बंधनकारक करावे. जुन्या उद्यानांसाठी सर्व महापालिका आणि नगरपालिकांना लेखी निर्देश द्यावेत, वाळू ठरावीक काळाने बदलण्याची जबाबदारी उद्यान विभागावर निश्चित करावी, आणि कुंपणाबाहेर कुत्री फिरवण्याची जागा व वेळ पाटीवर स्पष्ट लिहावी, म्हणजे पाळणाऱ्यांचीही कुचंबणा होणार नाही. निर्बीजीकरण आणि लसीकरण अर्थातच चालू राहावे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत उद्याने दिवसभर मुलांनी भरलेली असतात. ती सुट्टी लागण्यापूर्वी निदान महापालिकांच्या उद्यानांत तरी हे काम सुरू व्हावे, अशी आपणांस कळकळीची विनंती.

आपली नम्र,
एक नागरिक आणि श्वानपालक