फियाटच्या स्प्रिंगा, पाटे आणि बोल्टांच्या कामाबद्दल तक्रार

दि. १८ नोव्हेंबर २०२४

प्रति,
मा. व्यवस्थापक,
प्लेटिंग व पावडर कोटिंग विभाग,
औद्योगिक वसाहत, कुपवाड, जि. सांगली.

विषय: फियाट ११०० डिलाईटच्या सस्पेन्शनचे ६८ नग लिहून दिलेल्या फिनिशऐवजी भलतेच करून दिल्याबद्दल, आणि त्यामुळे गाडी रस्त्यावर काढणं धोक्याचं झाल्याबद्दल.

महोदय,

मुद्द्याचं आधी सांगतो. तुमच्याकडून प्लेटिंग करून आणलेला एक हाय टेन्साईल (जास्त ताण सोसणारा, कडक पोलादाचा) बोल्ट ५ नोव्हेंबरच्या संध्याकाळी आमच्या मिस्त्रींनी लोअर आर्मला, म्हणजे सस्पेन्शनच्या खालच्या दांड्याला, बसवला आणि टॉर्क पान्याने मापात कसला. शटर ओढून आम्ही घरी गेलो. सकाळी उघडून बघतो तर बोल्टाचं डोकं फरशीवर पडलेलं. गाडी स्टँडवर, चाकं काढलेली, रात्रभर कुणी हातसुद्धा लावलेला नाही. मिस्त्री म्हणाले, "उंदरानं कुरतडलं म्हणायचं का आता?" त्यांना हसू आलं, मला नाही आलं. हाच बोल्ट आठ दिवसांनी अंकलीच्या पुलावर तुटला असता आणि गाडीत माझी नात बसलेली असती.

आता पहिल्यापासून. ही गाडी १९६९ सालची, माझ्या वडिलांनी घेतलेली. प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेली ती कंपनी, आणि त्यांच्याच नावाचं इंजिनियरिंग कॉलेज आमच्या सांगलीत, त्यामुळे वडील ह्या गाडीला 'आपल्या घरची' म्हणत. नातं ओढूनताणून आणलेलं होतं, पण त्यांना प्रिय होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी गेलं ५७ फुटांवर. गावभागातल्या आमच्या वाड्यात गाडी निम्मी बुडाली आणि चार दिवस तशीच उभी राहिली. इंजिन आणि बॉडी मी मागेच करून घेतली. खालचं सस्पेन्शन तेवढं राहिलं होतं.

ते मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, कारण त्यात मला घाई नको होती. पुराचा गाळ आणि पन्नास वर्षांचं तेलकट किटण ह्यांचा थर बोटभर होता. लोक असा थर पटाशीने खरवडतात नाहीतर सरळ ब्लास्टिंगला, म्हणजे हवेच्या जोरावर खरखरीत कण मारून साफ करायला, देतात. मी रॉकेल, नायलॉनचा ब्रश आणि जुनी धोतरं घेऊन दीड महिना बसलो. त्या किटणाखाली कारखान्यातलं मूळ फिनिश जागोजागी जिवंत होतं. चिखल बाहेरून कितीही वाईट दिसला तरी ग्रीसने आतलं सगळं जपून ठेवलं होतं.

काय सापडलं ते तुम्हाला लिहून दिलं होतंच, पण ते कुणी वाचलं नाही म्हणून पुन्हा लिहितो. लोअर आर्म रंगात बुडवून काढलेले होते. थर पातळ, काळा, अर्धवट चमक असलेला, आणि खालच्या टोकाला निथळलेल्या रंगाचा एक थेंब वाळून तसाच राहिलेला. तो थेंब बघून मला कारखान्यातली ती हुकाला टांगलेली रांगच दिसली. स्टब ॲक्सल, म्हणजे पुढचं चाक ज्यावर फिरतं ते तुकडे, फोर्जिंगचे (तापवून ठोकून घडवलेले), रंग अजिबात नाही, भट्टीतून आल्यावर असते तशी निळसर राखाडी पापुद्र्याची कातडी आणि त्यावर तेल. आर्मचे आणि शॅकलचे (पाट्याचं टोक धरणाऱ्या कडीचे) बोल्ट फॉस्फेट केलेले, म्हणजे रासायनिक थर दिलेले, मॅट, काळपट राखाडी. ब्रॅकेट, वायसर आणि किरकोळ नट तेवढे पिवळ्या झिंकचे, म्हणजे जस्ताच्या मुलाम्याचे. पुढच्या दोन्ही कॉइल स्प्रिंगा काळ्या, आणि दोघींवरही पिवळ्या रंगाचा एक पुसट पट्टा. तो शोभेसाठी नव्हता. ठरलेल्या वजनाखाली स्प्रिंग किती दबते ते मोजून त्यांची वर्गवारी करत, आणि एकाच वर्गातल्या दोन स्प्रिंगा एका गाडीला लावत, त्याची ती खूण. मागच्या एका पाट्यावर तपासनिसाने ब्रशने मारलेला पांढरा ठिपका होता. ५५ वर्षांपूर्वी कुणीतरी 'हा पाटा बघितला, ठीक आहे' म्हणून ब्रश टेकवला असेल, त्याची ती सही.

हे सगळं मी वहीत लिहिलं, फोटो काढले, प्रत्येक नगाला तारेने पत्र्याचा बिल्ला बांधला. २३ सप्टेंबरला तुमच्याकडे माल दिला तेव्हा चलनाला तीन पानांची यादी जोडली. कुठल्या नगाला काय करायचं आणि काय करायचं नाही, दोन्ही लिहिलं. स्प्रिंगा आणि पाटे ॲसिडात घालायचे नाहीत, हे लाल शाईने लिहून खाली दोन रेघा मारल्या. काउंटरवरच्या मुलाने त्यावर शिक्का मारून दिला. ती शिक्क्याची प्रत माझ्याकडे आहे.

दसऱ्याला गाडी पुजायची होती, माल मिळाला २६ ऑक्टोबरला. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, कामाला वेळ लागतो.

पण पोतं उघडलं आणि खाली बसलो. स्प्रिंगा, पाटे, आर्म, अँटीरोल बार, अगदी ते तेल लावून नुसते ठेवायचे स्टब ॲक्सलसुद्धा, सगळं एकजात काळंभोर, काचेसारखं चकचकीत पावडर कोटिंग, म्हणजे पावडर मारून भट्टीत भाजलेला रंग. सगळे बोल्ट, फॉस्फेटचे असोत की कशाचे, मोरपंखी झाक मारणाऱ्या पिवळ्या झिंकमध्ये. बिल्ले एकही नाही. पिवळा पट्टा, पांढरा ठिपका, तो वाळलेला थेंब, सगळं ब्लास्टिंगमध्ये गेलं. फोर्जिंगवरची उठावाची अक्षरंसुद्धा बोथट झालीत, म्हणजे ग्रिट जाडं होतं आणि प्रेशर जास्त होतं. स्टब ॲक्सलच्या स्पिंडलवर, बेअरिंग बसते तिथे, टेप लावून कोटिंग टाळलं होतं. तेवढं एक बरं केलंत, हेही लिहितो.

मी विचारायला आलो तेव्हा सुपरवायझर म्हणाले, "काका, लई भारी दिसतंय की! शोरूममधनं आणल्यावानी." मी म्हणालो, शोरूममध्ये ही गाडी अशी कधीच दिसत नव्हती. त्यावर ते म्हणाले, "मग जुनं दिसायला पाहिजे होतं तर पैसे कशाला घातले?" ह्या प्रश्नाचं उत्तर मी तिथे दिलं नाही, इथे देतो. जुनं दिसायला नको होतं. १९६९ साली कुर्ल्याहून निघताना जसं होतं तसं हवं होतं. मुंबईच्या रस्त्यावरून ह्याच कुळातली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात गेली. आता ह्या गाड्यांचे पार्ट मूळ कसे होते हे बघायला उरल्यात त्या आमच्यासारख्यांच्या चार गाड्या. त्यातल्या एकीवरचा पुरावा तुम्ही पुसून टाकलात. पट्टा मी उद्या डबा आणून रंगवीन. पण तो मी मारलेला पट्टा असेल.

हे झालं मनाला लागलेलं. ह्यासाठी भांडलो असतो, कदाचित गप्पही बसलो असतो. पुढचं मात्र तसं नाही.

मी ३१ वर्षं एका कारखान्याच्या हीट ट्रीटमेंट विभागात काढली आहेत, म्हणून जरा खोलात लिहितो. गंज काढायला लोखंड ॲसिडात बुडवलं की हायड्रोजन सुटतो. प्लेटिंगच्या टाकीतही सुटतो. त्यातला काही पोलादात शिरतो. साध्या नरम लोखंडाला त्याचं फारसं काही होत नाही. पण स्प्रिंगचं पोलाद, पाटे आणि हाय टेन्साईल बोल्ट हे कडक केलेले असतात. त्यांच्यात हा हायड्रोजन अडकला की ते ठिसूळ होतात. वरून काही दिसत नाही. बोल्ट कसताना तुटत नाही. ताण धरून राहतो आणि काही तासांनी, कधी काही दिवसांनी, एकाएकी जातो. आमच्या बोल्टाचं नेमकं हेच झालं. तुटलेला भाग दाणेदार आहे, कुठेही ताणून बारीक झाल्याची खूण नाही.

ह्यावर उपाय नवा नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. प्लेटिंग झाल्यावर चार तासांच्या आत माल भट्टीत घालायचा, १९० ते २२० अंशांना, आणि निदान चार तास, पोलाद जास्त कडक असेल तर त्याहून बराच जास्त वेळ ठेवायचा. पिवळं पॅसिव्हेशन, म्हणजे झिंकवरचा तो पिवळा रासायनिक थर, त्यानंतर करायचं, कारण एवढ्या उष्णतेत तो पिवळा थर टिकत नाही. ॲसिड टाळता आलं तर उत्तमच, म्हणूनच त्या लाल रेघा.

तुमच्या सुपरवायझरना मी विचारलं, बेकिंग केलं होतं का? ते म्हणाले, "पावडरच्या भट्टीत २०० ला जातंच की, तेच बेकिंग." पावडरच्या भट्टीत नग पंधरा-वीस मिनिटं असतो. तेवढ्यात हायड्रोजन पोलादातून बाहेर पडत नाही. आणि बोल्टांना तर पावडर केलेलीच नाही, ते त्या भट्टीत गेले कधी? त्यांचा पिवळा रंग झगझगीत शाबूत आहे, म्हणजे पॅसिव्हेशननंतर ते तापलेले नाहीत. आधी तापवले असतील तर भट्टीच्या रजिस्टरमध्ये तारीख, तापमान आणि वेळ असणारच. ते पान मी दोनदा मागितलं. "साहेब आल्यावर बघू" असं दोनदा ऐकलं.

स्प्रिंगा आणि पाटे ॲसिडात घातले होते की नुसते ब्लास्ट केले, ह्याचं मला अजून सरळ उत्तर मिळालेलं नाही. एक माणूस हो म्हणतो, दुसरा नाही म्हणतो. त्यामुळे आजच्या घडीला त्या स्प्रिंगांवर मी विश्वास ठेवू शकत नाही. आता उशिरा भट्टीत घालून खात्री होत नाही, कारण आत बारीक चीर पडलेली असेल तर ती उष्णतेने सांधत नाही.

बाकीच्या अडचणी थोडक्यात. पावडरचा थर मी मोजला, ७० मायक्रॉनच्या आसपास आहे. बुश बसायच्या भोकांत तो तसाच सोडलाय, मिस्त्रींना दोन दिवस पॉलिश पेपर घेऊन घासत बसावं लागलं. यू-बोल्टच्या नटाखाली असा जाड थर राहिला की वजनाने तो दबतो आणि कसलेला नट आपोआप ढिला पडतो. पाट्यांचा प्रत्येक पाटा चारी बाजूंनी कोट केलाय. हे पाटे एकमेकांवर घासतात, मध्ये ग्रॅफाइट ग्रीस लागतं. तिथली पावडर पोपडे होऊन निघणार आणि त्या पोपड्यांमागे पाणी धरून राहणार. सांगलीत पाणी कुठून येतं हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता मला काय हवं ते.

६८ नगांवर नेमकी कोणती प्रक्रिया झाली, कोणत्या टाकीत किती वेळ आणि बेकिंग कधी, ह्याची लेखी माहिती नोंदींच्या प्रतींसह द्या. नोंदच नसेल तर तसं लिहून सही करा. तुटलेला बोल्ट आणि त्याच लॉटमधले आणखी दोन तुम्हाला आणि मला मान्य असलेल्या प्रयोगशाळेत तपासू. दोष माझ्या मिस्त्रींच्या हाताचा निघाला तर तपासणीचा खर्च मी देईन आणि ह्या पत्राबद्दल माफीही मागेन. प्लेटिंगचा निघाला तर बिलाचे ११,८०० रुपये परत, शिवाय नवे बोल्ट, दोन कॉइल स्प्रिंगा आणि पाट्यांचे दोन संच ह्यांचा खर्च तुमच्याकडे. हे पार्ट आता दुकानात मांडून ठेवलेले नसतात, शोधावे लागतात. तो शोध मी घेईन, पैसे तुम्ही द्यायचे.

आर्म आणि स्टब ॲक्सलवरची पावडर तुम्हीच उतरवून द्यावी, पण केमिकलने, जाळून नाही. ब्लास्टिंग तर मुळीच नको. स्प्रिंगा आणि पाट्यांना हात लावू नका. पावडर जाळायच्या भट्टीचं तापमान कडक पोलादाचं पाणी (कडकपणा) उतरवायला पुरेसं असतं, आणि तुमच्याकडे ते कुणी सांगेल असं मला आता वाटत नाही.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवस वाट बघेन. नंतर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. शिक्क्याची यादी, फोटो, बिल आणि सुपरवायझरशी झालेल्या बोलण्याची तारखेनिशी टिपणं तयार आहेत. तिथे जायची मला हौस नाही. तुमच्या शेजारच्याच शेडमध्ये माझे दोन विद्यार्थी काम करतात, त्यांच्यासमोर तुमच्या कारखान्याचं नाव घ्यायलाही मला बरं वाटत नाही.

एक विनंती मात्र १५ दिवस थांबणारी नाही. माझा माल ज्या दिवशी टाकीत गेला त्या दिवशी आणखी कुणाच्या स्प्रिंगा किंवा हाय टेन्साईल बोल्ट त्याच टाकीतून निघाले असतील, तर त्यांना आजच्या आज फोन करा. माझी गाडी स्टँडवर आहे. त्यांची रस्त्यावर असेल.

तुटलेला बोल्ट पत्रासोबत पाठवत नाही. तो माझ्या टेबलावर काचेच्या बाटलीत, तेलाचा बोट न लावता ठेवला आहे. ज्याला बघायचा असेल त्याने यावं, चहा मिळेल.

आपला,
(सही)
गावभाग, सांगली

सोबत: शिक्का असलेल्या यादीची प्रत, बिलाची प्रत, काम देण्याआधीचे आणि नंतरचे फोटो, तुटलेल्या बोल्टाचे चार फोटो.